सांभाळायला दिलेलं

"शेळी रेअर करायची. लेकरू ब्रिंग अप करायचं. उलटं लिहिलं तर मार्क गेला."

एवढं म्हणून सर खडू शर्टाच्या खिशात टाकायचे. त्या खिशात लाल पेन, रुमाल आणि दोन-चार लवंगा असायच्या. सगळ्यांवर खडूची भुकटी. एखाद्यानं खोकल्यावर लवंग मागितली तर ती आधी फुंकावी लागे.

आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे. शाळा सेनगाव तालुक्यातल्या एका गावात आहे. मी तिथे इतिहास-भूगोल शिकवतो आणि रोज हिंगोलीहून जाऊन-येऊन करतो. अशी शाळा तुम्हीही पाहिली असेल. वर्गखोल्यांपेक्षा कमान उंच, कमानीवर संस्थेचं नाव आणि त्याहून मोठ्या अक्षरांत अध्यक्षांचं. खाली 'नर्चरिंग यंग माइंड्स' अशी एक ओळ, जी रंगाऱ्यानं दुसऱ्या कुठल्या शाळेची पाहून उतरवली होती. मी सरांना एकदा विचारलं, "रेअर झालं, ब्रिंग अप झालं. आता हे नर्चर म्हणजे काय?"

"ज्याची फी घेता येते ते," सर म्हणाले.

त्यांचा एक नियम होता. नवं क्रियापद आलं की प्रत्येकानं त्याचं वाक्य करायचं आणि वाक्य घरचं पाहिजे. गाईडमधलं वाक्य फेकणाऱ्याला ते "हे कुणाच्या घरचं?" असं विचारून खाली बसवायचे.

"माय मदर रेअर्स हेन्स, सर."

"बराबर. पुढं."

"माय ग्रँडमदर ब्रिंग्ज अप मी."

"का रे, आई कुठं गेली?"

"उसाला, सर."

"मग हे बी बराबर. 'मी' मधी घाल फक्त. आजीला सांग, इंग्रजीत तुझं नाव निघालं म्हणून."

वर्ग हसायचा. त्यात हसण्यासारखं फारसं नव्हतं. आमच्या निम्म्या वर्गाचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. मधले महिने लेकरं आजीकडे, चुलतीकडे, नाहीतर कुलुपाकडे असतात. सरांच्या तासाला हे सगळं बाहेर यायचं आणि त्यावर लाल पेनानं बरोबरची खूण व्हायची.

मी लायब्ररीतली जाडी डिक्शनरी आणून त्यांना दाखवलं होतं, की 'रेअर' हे माणसांच्या मुलांनाही चालतं. त्यांनी चष्मा वर करून नोंद नीट वाचली.

"चालत असंल," म्हणाले. "हे लिहिणाऱ्यानं शेळ्या पाळलेल्या दिसत न्हाईत."

सरांनी पाळल्या होत्या. त्यांच्या दारात कायम पाच-सहा शेळ्या बांधलेल्या असायच्या, आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला हा माणूस शाळेत निघण्याआधी त्यांच्यापुढे पाला टाकत असायचा. एकदा नववीच्या काही उत्तरपत्रिका शेळीनं खाल्ल्या. त्या मुलांना सरांनी सरासरी मार्क दिले आणि शिपायाला सांगितलं, "माझ्याआधी तिनं तपासल्या."

शेळ्या घरात कशा आल्या, हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. अख्खं गाव त्यांना मामी म्हणतं, म्हणून मीही मामीच म्हणतो. सरांची बहीण बाळंतपणानंतर आजारी पडली ती उठलीच नाही. मागे मुलगी राहिली, पुरती रांगतही नव्हती. बहिणीचा नवरा ऊसतोडीला जाणारा. सर त्याला दाजी म्हणत. तो एका सकाळी लेकरू कडेवर आणि दुभती शेळी दाव्याला धरून सरांच्या दारात आला. म्हणाला, "पोरीच्या दुधाला शेळी आणली. दोन्ही सांभाळा. माझी टोळी निघाली."

मामींना मूल नव्हतं. त्यांनी लेकरू घेतलं, सरांनी दावं घेतलं.

आमच्याकडे शेळी सांभाळायला देण्याची एक जुनी रीत आहे. तिला बटई म्हणतात. शेळी एकाची, सांभाळणारा दुसरा. चारा-पाणी, आजारपाजार, लांडग्यापासून राखण सगळं सांभाळणाऱ्याकडे. पिल्लं झाली की निम्मी मालकाची, निम्मी त्याची. मूळ शेळी मालक मागेल तेव्हा परत. ही निम्मी पिल्लं सांभाळणाऱ्यानं ठेवायचीच असतात. तो त्याच्या कष्टाचा हक्क, आणि तो घेतला म्हणजेच गावाच्या लेखी त्यानं जनावर वाढवलं. काहीच न घेता सगळं परत केलं, तर त्याचा अर्थ एवढाच होतो, की त्यानं चार दिवस दारात बांधून घेतलं होतं. मला हे सगळं नंतर कळलं. हिंगोलीत शेळी फक्त बाजाराच्या दिवशी भेटते.

मुलीचं नाव निकिता. शेळीच्या दुधावर ती वाढली आणि तिच्या मागोमाग शेळ्याही वाढल्या. दरवर्षी उन्हाळ्यात दाजी उसावरून आला की गुळाचा खडा घेऊन यायचा. आधी शेळ्या बघायचा, मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि जेवून जायचा. त्यानं दुसरं लग्न केलं होतं, त्या घरी त्याला तीन लेकरं होती. हिशेब कुणी काढला नाही. सगळं चांगलं चाललं होतं, म्हणजे कुणी काही बोलत नव्हतं.

निकिता आमच्याच शाळेत आली. सर तिला इतरांसारखंच उभं करायचे. "घरचं वाक्य."

"माय अंकल ब्रिंग्ज मी अप, अँड आय ब्रिंग अप हिज गोट्स."

"मार्क गेला."

"काहून? शेळ्यांचं सगळं मीच करते की, मामा!"

"वर्गात सर म्हण. आणि शेळीला रेअर."

"माझ्या शेळ्या हैत, मी काय बी म्हणीन."

त्या दिवशी सरांनी तिचा मार्क खरोखरच कापला. घरी गेल्यावर मामींनी त्यांना जेवायला उशिरा वाढलं, हेही त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांगताना फार खूश दिसत होते.

ती दहावीत गेली त्या वर्षी दाजी पोळ्यानंतर लगेच आला. मामींनी ती गोष्ट टिपली. "या बारीला आधी पोरीकडं बघितलं," त्या म्हणाल्या, "अन् मग शेळ्यांकडं."

उसाच्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या पोराला मुकादम सहसा टोळीत घेत नाही. घेतलाच तर अर्धा कोयता म्हणून. त्यामुळे दिवाळीच्या आधी अर्ध्या कोयत्यांची लग्नं घाईघाईनं लागतात. दाजीच्या टोळीत असाच एक पोरगा होता, ज्याच्याशी निकिताचं लग्न लावायचं दाजीनं ठरवलं होतं. आमचाच विद्यार्थी, नववीत इंग्रजीत दोनदा नापास होऊन त्यानं शाळा सोडली होती. स्वभावानं गरीब. सरांना रस्त्यात भेटला की गाडीवरून उतरून नमस्कार करायचा.

सर म्हणाले, "दाजी, तिची दहावी होऊ द्या. अठरा होऊ द्या. मग बघू."

"तुमी शिकवा ना. कोण न्हाई म्हणून राहिलं? पण लेकरू माझं हाय."

"माझ्याकडं आलं तेव्हा त्याला नीट रांगता येत नव्हतं."

"ते खरं. शेळी बी माझीच होती तवा."

दाजी गेला आणि गावात बोलत सुटला. माझ्या शेळीवर मास्तरचं घर चाललं, माझ्या पिल्लांचे पैसे खाल्ले, आता माझी पोरगी दाबून बसलाय. हॉटेलात, पानपट्टीवर, एसटीच्या थांब्यावर. सरांना आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी छोटा हत्ती टेम्पो बोलावला आणि दारातली एकूण एक शेळी, पिल्लासकट, त्यात चढवायला घेतली.

मामी दाराच्या चौकटीत उभ्या राहून म्हणाल्या, "निम्मी ठिवा. रीत हाय."

शेजारचे आबा, जुने जमीनदार, काठी टेकत आले. "सर, दोन तरी पाटी ठिवा, तरण्या शेळ्या. असं मोकळं करू नका दावं."

"आबा, मला त्याचं काही नको. काही ठेवलं की तो बोलणार. आता बोलायला त्याच्याकडं काय राहिलं?"

आबांनी पुन्हा सांगितलं. सरांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. ते व्याकरणाचे मास्तर होते. वाक्य एकदा बरोबर आलं की त्यात बदल करत नसत. निकिता एका काळ्या पाटीला धरून रडत होती. सरांनी तीही तिच्या हातून सोडवून गाडीत दिली.

शाळेत आले ते मोकळ्या चेहऱ्यानं. मला म्हणाले, "आज सुटलो." खिशातून लवंग काढून मला दिली. फुंकूनही दिली.

बैठक भरली ती सोयाबीन निघाल्यावर, ग्रामपंचायतीच्या ओसरीत. बाहेर रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं, आत दहा-बारा माणसं. मध्ये आमच्या संस्थेचे अध्यक्ष, कारण गावात काहीही मध्ये असलं की तिथे तेच असतात. मी सरांबरोबर गेलो होतो. निकिता मामींजवळ भिंतीला टेकून बसली होती, शाळेच्या गणवेशात.

दाजी उठून उभा राहिला. घरातून बोलणं बसवून आला होता, हे दिसत होतं.

"मी शेळी दिली, पोरगी दिली. एकाच दिवशी दिली. मास्तरनं शेळी परत केली. पिल्लं बी समदी परत केली. निम्मं ठिवायची रीत असून एक बी ठिवलं न्हाई. म्हंजे त्यायनं निस्ती राखण केली, हे त्यायलाच मान्य हाय. मग माझी पोरगी काहून अडवून राहिले?"

मी आबांकडे पाहिलं. ते काठीच्या टोकानं फरशीच्या फटीतली माती उकरत होते. तेव्हा मला कळायला लागलं, की हे लोक दाजीच्या नव्हे, सरांच्या बाजूनं आले होते. सरांनी दोन पाटी ठेवल्या असत्या, तर यांनी दाजीला याच ओसरीतून हाकलून दिलं असतं. आता त्यांच्या हातात काही नव्हतं.

सर बोलले. कायदा सांगितला, वय सांगितलं, पोरगी पहिल्या तिनात आहे ते सांगितलं. सगळं बरोबर होतं. शेवटी आवाज चढला. "ती शेळी होती!"

"सर, तुमचं सगळं पटतं आम्हाला," अध्यक्ष म्हणाले. "पण रीत आम्ही नाही लावली. तुम्हीच लावली. सगळं परत करायचं तर मग सगळंच."

आबांनी मान वर केली. "पोरीला तरी विचारा."

विचारलं. निकिता उभी राहिली, वर्गात राहते तशी. "मामाकडं," म्हणाली.

"लेकराला काय कळतंय," दाजी म्हणाला. एक-दोघांनी मान हलवली. तिला बसायलाही कुणी सांगितलं नाही. ती बराच वेळ तशीच उभी होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी आणि मी मिळून मुलांच्या मदतीच्या सरकारी नंबरवर फोन लावला. त्यावर माणसं आली, लवकर आली, हेही सांगायला हवं. पोलीस आले, बालकल्याणाच्या एक बाई आल्या, ग्रामसेवक आले. दाजीनं अठरा वर्षं होईपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून दिलं. त्याचा फोटो काढला. बालविवाह रोखल्याची बातमी पेपरात आली, त्यात अध्यक्ष उजवीकडून दुसरे होते. मग बाईंनी सरांना विचारलं, "तुम्ही मुलीचे कोण? दत्तक घेतलंय का?" सर म्हणाले, "मामा." बाईंना वाईट वाटलं, ते दिसलं. पण बाप हयात होता, बापानं लिहून दिलं होतं. मुलगी बापाच्या ताब्यात गेली. ऑटोत बसताना तिनं दप्तर बरोबर घेतलं.

दिवाळीनंतर टोळी निघाली. निकिता तिच्यात होती. "सैपाकाला नेतो," असं दाजीनं गावात सांगितलं.

त्याच आठवड्यात मी दहावीच्या वर्गावरून चाललो होतो. आत सरांचा तास होता. एक मुलगी उभी राहून म्हणत होती, "माय फादर रेअर्स अस, सर." मुलं हसायच्या तयारीत, सरांकडे बघत.

"बराबर," सर म्हणाले. "बस खाली."

लग्न कारखान्याच्या पट्ट्यात लागलं. टोळीतल्या कुणीतरी मोबाईलवर फोटो पाठवला. मागे उसानं भरलेली ट्रॉली, पुढे निकिता आणि तो नववी नापास पोरगा, दोघांच्या कपाळाला मुंडावळ्या. सरांनी मोबाईल हात लांब करून धरला आणि बराच वेळ पाहिला. मामींनी पाहिला. "बांगड्या मोठ्या झाल्या तिला," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

तक्रार पुन्हा करू, असं मी म्हणालो. सर म्हणाले, "तिनं सांगितलं तर करू." नाताळच्या सुट्टीत ते तिला विचारायला गेले. उसाच्या फडांच्या कडेला पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या खोपटी असतात, त्यांना कोपी म्हणतात. अशा पुष्कळ कोप्या पालथ्या घालून त्यांनी तिची शोधून काढली. परत आल्यावर मला एवढंच सांगितलं, "बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. मी विचारलं. म्हणाली, मामा, आता हे मोडून मला कुठं नेता? तुमच्याकडून तर दिली मला."

"दिली?" मी विचारलं.

"असंच म्हणाली." त्यांनी खिसा चाचपला. लवंगा नव्हत्या.

बोर्डाच्या परीक्षेला तिचा बाक रिकामा होता. पुढच्या पावसाळ्यात ती गावी आली तेव्हा पोटुशी होती. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात कडेवर मुलगी होती. मामी तेल घेऊन रोज त्या लेकराला न्हाऊ घालायला जायच्या. सासरी सासू नव्हती, त्यामुळे अडवायलाही कुणी नव्हतं. मामींनीच मला सांगितलं, की उसात लेकराला फडाच्या कडेला झोळीत टाकून ती कोयता चालवते; एकदा ट्रॉली मागे घेताना झोळी थोडक्यात वाचली.

सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. कमानीखाली मांडव घातला होता. शाल, श्रीफळ, आणि अध्यक्षांच्या हस्ते अध्यक्षांचाच फोटो असलेलं मानपत्र. अध्यक्ष पाऊण तास बोलले. सरांनी या गावाच्या पिढ्या कशा नर्चर केल्या, गुरू हा माळी कसा असतो, रोपटं कसं असतं. ओसरीतल्या त्या दिवसातलं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. मला वाटतं, ते खरोखरच विसरले होते. मग सरांना बोलायला सांगितलं. सर माईकपाशी गेले, म्हणाले, "जेवण तयार आहे असं कळलं. चला." आणि खाली उतरले.

दिवाळीच्या सुट्टीत फराळाचा डबा घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारून आबा म्हणाले, "गावाच्या बाहेर, पुलापाशी बघा. गाडी तिथं लागली."

पुलापाशी ट्रॅक्टर उभा होता, मागे ट्रॉली. ज्वारीची पोती, ताडपत्री, पत्रे, चुलीच्या विटा, कोयत्यांची मोळी, आणि त्या सगळ्यावर माणसं. मामी पुढच्या बाजूला एका पोत्यावर बसल्या होत्या, मांडीवर पितळी डबा. निकिता त्यांच्या शेजारी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तिनं माझ्याकडे पाहून हात जोडले. मागच्या टोकाला सर होते. पांढरा शर्ट, मांडीवर ती नात.

"सर, हे काय?" मी म्हणालो.

"लेकराला कुणीतरी बघायला पाहिजे," ते म्हणाले. "ते दोघं फडात, आम्ही दोघं कोपीत. मुकादमाला मी काही मागत नाही, त्यामुळं त्याची तकलीफ नाही."

"या वयात? तुम्हाला पेन्शन आहे, घर आहे. पोरीलाच ठेवून घ्या ना इथं. लहान लेकरू आहे तिला."

"ठेवून घ्यायला ती माझी नाही," सर म्हणाले. "जाऊन सांभाळायला मात्र कुणाची ना दिसत नाही."

पलीकडे दाजी दोर आवळत होता. त्यानं सरांकडे पाहिलं नाही, सरांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही. लेकरू सरांच्या खिशात हात घालून काहीतरी शोधत होतं. मी डबा वर दिला. त्यांनी तो पोत्यांच्या सापटीत नीट बसवला. "कधी येणार?" मी विचारलं.

"टोळी येईल तेव्हा."

ट्रॅक्टर सुरू झाला. धूर आमच्या तोंडावर आला. निकिताचा नवरा, आमचा तो नापास विद्यार्थी, ट्रॉलीच्या मागे धावत आला. दोन्ही हातांनी मागच्या उघड्या दाराचा फाळका उचलून धरला, आणि शाळेत असताना उभा राहायचा तसाच जरा वाकून म्हणाला,

"सर, पाय आत घ्या. फाळका लावायचाय."

सरांनी पाय आत घेतले.